कंपवातावरचे नवे एन्झाइमरोधक औषध: एक चाचणी मध्येच का थांबवली?

मिरजेचा तंबोरा | ५ जुलै २०२५

सर्वांना नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवण्यात गेले. चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, असल्याचे निदान झाले. मांडीवर नुसता ठेवलेला त्यांचा उजवा हात अंगठा आणि तर्जनीमध्ये गोळी वळल्यासारखा हलत राहतो, पण त्याच हातात कानस येऊन ती तंबोऱ्याच्या घोडीवर टेकली की थरथर जवळजवळ थांबते, आणि म्हणूनच घरात बराच काळ कोणाला आजाराची शंकाही आली नाही. आता मात्र हात मंदावला आहे. पूर्वी जी जवारी, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासण्याचे काम, ते अर्ध्या दिवसात काढून द्यायचे तिला दोन दिवस लागतात, आणि हिशेबाच्या वहीतले त्यांचे अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढे होते.

गेल्या महिन्यात वाचनात आले की एलआरआरके-२ नावाच्या एन्झाइमला (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाला) रोखणारी एक गोळी अमेरिकेत तयार होत असून, ती केवळ थरथर दाबणार नाही तर आजाराची वाढच मंदावेल, अशा अपेक्षेने तिच्या चाचण्या चालू आहेत. त्याच लेखात एक मोठी चाचणी २०२३ मध्ये मध्येच बंद केल्याचा आणि प्राण्यांच्या फुप्फुसांत काही बदल दिसल्याचाही उल्लेख होता. दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचल्यावर माझ्यासारख्याचा समज असाच होतो की औषध घातक निघाले आणि कंपनीने गाशा गुंडाळला. हे खरे आहे का? वडील सध्या लेव्होडोपा-कार्बिडोपा आणि रासॅजिलिन घेतात. त्यांच्यापेक्षा या गोळीत वेगळे काय आहे? शिवाय एका प्रयोगशाळेचा प्रतिनिधी, "जनुकाची तपासणी आत्ताच करून ठेवा, नवे औषध आले की पहिला नंबर तुमचा," असे सांगत दोनदा घरी येऊन गेला आहे. त्याचे ऐकावे काय?

कराडचा मास्तर | ६ जुलै २०२५

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. वडिलांच्या उपचारात अखेरचा शब्द त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टचा, एवढे आधीच सांगून पुढे लिहितो.

एन्झाइम रोखण्याची कल्पना आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डबीत आधीपासूनच आहे. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक द्रव्याचा तुटवडा पडतो, आणि लेव्होडोपाचे डोपामिन करणारे एन्झाइम मेंदूत असते तसे आतड्यात आणि शरीरात इतरत्रही असते. त्यामुळे नुसती लेव्होडोपा दिली तर तिचा बहुतेक भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो आणि रुग्णाच्या पदरात मळमळ तेवढी पडते. कार्बिडोपा या एन्झाइमला मेंदूच्या बाहेर अडवते, कारण ती स्वतः मेंदूत शिरू शकत नाही. आपल्या पाकिटावर ११० हा आकडा असेल तर ती १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा यांची बेरीज आहे. रासॅजिलिन हे मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या दुसऱ्याच एन्झाइमला रोखते, म्हणजे तयार झालेले डोपामिन लवकर मोडले जात नाही. ही सारी औषधे तुटवडा भागवतात. डोपामिन बनवणाऱ्या पेशी ज्या कारणाने मरतात, त्या कारणाला ती हात घालतात असे आजवर सिद्ध झालेले नाही.

एलआरआरके-२ ची गोष्ट इथून वेगळी होते. हे एन्झाइम ज्या जनुकावरून बनते त्याचेही नाव हेच, आणि त्या जनुकाचा शोध २००४ मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या कंपवात चालत आलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून लागला. त्यांतली काही कुटुंबे स्पेनच्या बास्क भागातली होती, आणि बास्क भाषेत थरथरीला दार्दारा म्हणतात, म्हणून त्या प्रथिनाला दार्दारिन असेही नाव मिळाले. २,५२७ अमिनो आम्लांची ही लांबलचक साखळी आहे. तिचा एक भाग कायनेझ आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणारे एन्झाइम. साखळीत २०१९ व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरिन आले की शिक्के मारण्याचे काम दोन ते तीन पट वाढते. हे शिक्के बसतात ते मुख्यतः रॅब नावाच्या प्रथिनांवर, आणि पेशीच्या आतली ने-आण या रॅबच्या हाती असते. शिक्के जादा झाले की टाकाऊ प्रथिने जिरवणाऱ्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांचे काम बिघडते. एन्झाइम जास्त काम करते म्हणून आजार, तर मग त्याला थोडे आवरून पाहू, इतका सरळ हा तर्क आहे. आणि कंपवातात इतका सरळ तर्क क्वचितच हाती लागतो.

औषध घडवणे मात्र अजिबात सरळ नाही. माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक कायनेझ आहेत आणि ऊर्जा देणारा एटीपीचा रेणू ज्या खोबणीत बसतो ती खोबण साऱ्यांमध्ये बरीच सारखी असते. औषधाचा रेणू त्याच खोबणीत बसवायचा, पण शेजारच्यांच्या खोबणीत बसू द्यायचा नाही, शिवाय तो मेंदूच्या गाळणीतून आत गेला पाहिजे. कर्करोगावर कायनेझ रोखणारी औषधे २००१ पासून बाजारात आहेत, पण तिथे जीव वाचवण्यासाठी रुग्ण बरेच दुष्परिणाम सोसतो. इथे चालता-बोलता माणूस दहा-वीस वर्षे रोज गोळी घेणार, तेव्हा मोजमाप वेगळे लागते.

आता फुप्फुसांबद्दल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एलआरआरके-२ रोखणारी औषधे दिलेल्या माकडांच्या फुप्फुसांतील विशिष्ट पेशी फुगलेल्या दिसल्या. या पेशी वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा ओशट थर तयार करतात आणि तो आपल्यातल्या पिशव्यांत साठवतात. एलआरआरके-२ पूर्ण बंद केल्यावर त्या पिशव्या मोठ्या झाल्या. हे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांतही फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांत तसेच बदल आढळले होते, त्यामुळे हा एखाद्या रेणूचा दोष नसून एन्झाइम बंद केल्याचाच परिणाम आहे हे कळले. अनेकांनी तेव्हा हे क्षेत्र संपले असे मानले. पण २०२० मध्ये असे दिसले की औषध थांबवल्यावर माकडांच्या पेशी पूर्ववत होतात आणि श्वसनाच्या क्षमतेत मोजता येण्याजोगी घट झालेली नसते. त्याच वर्षी माणसांच्या जनुकीय नोंदींच्या मोठ्या अभ्यासातून हेही समोर आले की ज्यांच्या शरीरात या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी आहे अशा लोकांत त्यामुळे कोणताही विशिष्ट आजार दिसत नाही. म्हणजे एन्झाइमचे काम निम्म्यावर आले तरी माणूस चालवून घेतो. पुढच्या साऱ्या चाचण्यांत मात्रा ठरवताना, आणि फुप्फुसांची क्षमता वरचेवर तपासताना, हाच आधार धरलेला आहे.

तेव्हा "घातक निघाले" हे उत्तर चूक आहे. चाचणीचे प्रत्यक्ष काम पाहिलेल्या कोणी पुढचे सांगितले तर बरे होईल.

वाईकर | ६ जुलै २०२५

मी पुण्यात औषधचाचण्यांच्या समन्वयाचे काम करतो. ज्या औषधाबद्दल आपण वाचले ते बीआयआयबी-१२२ असावे. डेनाली या कंपनीने आधी डीएनएल-२०१ आणि डीएनएल-१५१ असे दोन रेणू माणसांवर तपासले आणि त्यांतला दुसरा, दिवसातून एकदा घेता येणारा रेणू पुढे नेला. बायोजेन कंपनी भागीदार झाल्यावर त्यालाच बीआयआयबी-१२२ हे नाव पडले.

२०२२ मध्ये दोन चाचण्या सुरू झाल्या. लाइटहाउस ही फक्त एलआरआरके-२ मध्ये बिघाड असलेल्या रुग्णांसाठी होती आणि तिच्यात सुमारे ४०० जण हवे होते. ल्यूमा ही सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी होती आणि तिच्यात सहाशेहून अधिक जण. कंपवाताच्या रुग्णांत हा जनुकीय बिघाड मुळात थोड्यांमध्ये असतो, त्यातून वय, टप्पा आणि चालू औषधे यांच्या अटींत बसणारे आणखी कमी. देशोदेशी हजारो जणांची जनुकतपासणी करून ४०० माणसे जमवायची आणि त्यांना वर्षानुवर्षे तपासत राहायचे, असे ते गणित होते. लाइटहाउस संपायला २०३१ उजाडले असते. जून २०२३ मध्ये ती बंद करून जनुकीय बिघाड असलेल्या रुग्णांनाही ल्यूमातच जागा देण्याचा निर्णय झाला. कारण सुरक्षिततेचे नव्हते, वेळेचे आणि गुंतागुंतीचे होते. ल्यूमाची भरती आता पूर्ण झाली असून निकाल २०२६ मध्ये अपेक्षित आहे. आपल्या वडिलांच्या निदानाला चार वर्षे झाली आहेत, म्हणजे भरती चालू असती तरी ते तिच्यात बसले नसते.

इतका वेळ का लागतो, हा प्रश्न मला घरचे लोकही विचारतात. औषधाने एन्झाइम रोखले की नाही हे काही दिवसांत कळते: रक्तातल्या पेशींत एलआरआरके-२ वरचा आणि रॅब-१० वरचा फॉस्फेटचा शिक्का किती कमी झाला ते मोजतात आणि लघवीत लायसोसोमशी संबंधित एक मेदद्रव्य पाहतात. रुग्णाचे चालणे, उठणे, बटण लावणे यांत फरक पडतो का, हे मात्र गुण देऊनच मोजावे लागते, आणि आजार मुळात इतका संथ की एका वर्षात औषधाशिवायही फार फरक दिसत नाही. ल्यूमामध्ये प्रत्येक रुग्णाची किमान ४८ आणि कमाल १४४ आठवडे नोंद ठेवून, त्याचे गुण ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडायला किती काळ लागतो, हे औषध घेणारा आणि बिनऔषधाची गोळी घेणारा अशा दोन गटांत ताडून पाहायचे आहे.

एक सूचना. उद्या कोणी "चाचणीत घालतो, एवढे पैसे भरा" म्हणाला तर दार लावून घ्यावे. आपल्याकडे चाचणीच्या औषधासाठी सहभागी व्यक्तीकडून पैसे घेत नाहीत, चाचणीची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत असावीच लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

सांगलीची लेक | ७ जुलै २०२५

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी जनुकतपासणीबद्दल अजून कोणी स्पष्ट बोललेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या आईला ४३ व्या वर्षी कंपवात झाला आणि तिच्या सख्ख्या मामांनाही तो होता. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून तपासणी सुचवली, समुपदेशकाकडे आधी पाठवले, आणि मगच रक्त घेतले. आईच्या एलआरआरके-२ मध्ये काही निघाले नाही. जीबीए-१ या जनुकात मात्र बिघाड निघाला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की २०१९ व्या जागेचा तो प्रसिद्ध बिघाड उत्तर आफ्रिकेतील बर्बर आणि अश्केनाझी ज्यू रुग्णांत पुष्कळ आढळतो, भारतीय रुग्णांत मात्र तो दुर्मिळ आहे. शिवाय तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असेही नाही. त्यामुळे कमी वयात सुरुवात झाली असेल किंवा घरात आणखी कोणाला आजार असेल, तर तपासणीला अर्थ आहे असे माझे मत आहे. दारावर येणाऱ्या प्रतिनिधीच्या "पहिला नंबर तुमचा" या बोलण्याला मात्र काडीचा अर्थ नाही.

जीबीए-१ चा प्रकार याच्या अगदी उलट आहे, हे सांगण्यासारखे आहे. तिथे लायसोसोममधले एन्झाइम कमी पडते, म्हणून त्याला रोखायचे नसून बळ द्यायचे आहे, आणि त्यासाठी ज्या औषधाची मोठी चाचणी यंदा ब्रिटनमध्ये सुरू झाली ते अँब्रोक्सॉल म्हणजे आपल्या खोकल्याच्या औषधातला कफ पातळ करणारा घटक! हे कळल्यावर माझ्या भावाने दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानातून बाटल्या आणल्या होत्या. चाचणीत दिवसाला १,२६० मिलिग्रॅम देतात आणि खोकल्याची गोळी ३० मिलिग्रॅमची असते, हा हिशेब डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला तेव्हा बाटल्या कपाटात गेल्या.

माझा मास्तरांना एक प्रश्न आहे. एन्झाइम रोखले गेले हे रक्तात दिसले आणि सहा महिन्यांत रुग्णाला बरे वाटू लागले, तर औषध लागू पडले असे का म्हणू नये?

कराडचा मास्तर | ८ जुलै २०२५

ताई, आपण नेमके दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. हीच चूक या आजारात एकदा होऊन गेली आहे, आणि तीही एन्झाइम रोखणाऱ्या औषधाच्याच बाबतीत.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी लोक अचानक पुतळ्यासारखे ताठरून रुग्णालयांत आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचा भेसळ पदार्थ होता. पुढे समजले की एमपीटीपी स्वतः विषारी नाही. मेंदूतले मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी त्याचे विषात रूपांतर करते आणि ते विष डोपामिनच्या पेशी मारते. ते एन्झाइम आधीच रोखून ठेवले तर प्राण्यांच्या पेशी वाचतात, हेही प्रयोगात दिसले. मग साहजिकच विचार पुढे आला की साध्या कंपवातातही हेच एन्झाइम रोखले तर पेशी वाचतील. त्यासाठी सेलेजिलिन घेऊन अमेरिका आणि कॅनडात डेटाटॉप ही ८०० रुग्णांची चाचणी झाली. १९८९ मध्ये तिचा पहिला निकाल आला तेव्हा सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज बऱ्याच उशिरा पडत होती. सगळीकडे आनंद झाला. पण जसजसा काळ गेला तसतसे दिसू लागले की सेलेजिलिन स्वतःच डोपामिन थोडे टिकवून लक्षणे सौम्य करते, आणि सुरुवातीचा फायदा पुढे विरत जातो. आजार आत तसाच पुढे सरकत होता का, की खरोखर मंदावला होता, हे त्या चाचणीच्या रचनेतून उलगडणे शक्यच नव्हते.

यावर तोड म्हणून रासॅजिलिनच्या वेळी वेगळी रचना केली. अडाजिओ या चाचणीत १,१७६ रुग्ण होते. निम्म्यांना पहिल्या दिवसापासून औषध आणि निम्म्यांना ३६ आठवडे बिनऔषधाची गोळी देऊन मग औषध, असे ७२ आठवडे चालले. औषध नुसती लक्षणे दाबत असेल तर उशिरा सुरू करणारे पहिल्यांना गाठतील. पेशी वाचवत असेल तर ते मागेच राहतील. २००९ मध्ये निकाल आला तो असा: १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत उशिरा आलेले मागे राहिले, आणि २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत त्यांनी गाठले! दुप्पट मात्रेत परिणाम नाहीसा व्हावा याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणी देऊ शकले नाही, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी आजार मंदावण्याचा दावा मान्य केला नाही. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारतो, "मग ते औषध फुकटच गेले का सर?" नाही गेले. लक्षणांवर ते उपयोगी आहे आणि म्हणूनच ते आजही लिहून दिले जाते.

एलआरआरके-२ च्या औषधाला एक सोय आहे: ते डोपामिनला थेट हात लावत नाही, म्हणून फरक दिसलाच तर तो लक्षणे दाबल्याचा असण्याची शक्यता कमी. पण अडचणही आहे. जनुकीय बिघाड नसलेल्या रुग्णांत हे एन्झाइम खरोखर जास्त काम करते का, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. काही अभ्यासांत तसे दिसले, सर्वांत नाही. ल्यूमामध्ये बहुसंख्य रुग्ण असेच आहेत. एन्झाइम उत्तम रोखले गेले आणि आजार तरीही त्याच गतीने पुढे गेला, असाही निकाल येऊ शकतो, आणि तो आला तर दोष औषधाच्या रेणूचा नसून निशाण्याचा ठरेल.

मिरजेचा तंबोरा | ९ जुलै २०२५

सर्वांचे मनापासून आभार. आजार ६७ व्या वर्षी सुरू झाला आणि आमच्या घरात दुसऱ्या कोणाला तो नाही, तेव्हा जनुकतपासणी तूर्त नको असे ठरवले आणि त्या प्रतिनिधीला तसे कळवले.

काल रात्री मी हे सारे वडिलांना वाचून दाखवले. निम्म्या लोकांना बिनऔषधाची गोळी देतात आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते, याचा त्यांना राग येईल असे मला वाटले होते. ते म्हणाले, "बरोबर आहे. गिऱ्हाईक दोन तंबोरे ऐकायला आलं की मी त्याला भिंतीकडं तोंड करून बसवतो. पॉलिश आणि नक्षी बघितली की कान फसतो. माझासुद्धा फसतो, म्हणून वाजवायला मी पोराला बसवतो."

एक शंका राहिली. रासॅजिलिनने आजार मंदावल्याचे सिद्ध झालेले नसेल तर ते चालू ठेवावे का? आणि सध्या पावसाळ्यामुळे त्यांना खोकला झाला आहे, तेव्हा अँब्रोक्सॉलचे वाचून मी जरा बिचकलो आहे.

कराडचा मास्तर | ९ जुलै २०२५

रासॅजिलिन आपल्या मनाने बंद करू नये. ते एन्झाइमला कायमचे निकामी करते आणि शरीराला नवे एन्झाइम तयार करायला काही आठवडे लागतात, त्यामुळे गोळी बंद केल्याचा परिणाम लगेच न दिसता मागाहून दिसतो आणि हात का मंदावला ते घरच्यांना उमगत नाही.

खोकल्यासाठी नेहमीच्या मात्रेतले अँब्रोक्सॉल डॉक्टरांना विचारून घेता येईल, त्यात बिचकण्यासारखे काही नाही. जपायचे ते डेक्स्ट्रोमेथॉर्फनला. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच औषधांत ते असते आणि रासॅजिलिन चालू असताना ते वर्ज्य आहे, कारण एकत्र आल्यास मेंदूतील सेरोटोनिन वाढून ताप, गोंधळलेपणा आणि अंग ताठरणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात. वेदनाशामकांपैकी ट्रॅमाडॉलही तसेच वर्ज्य. बाटलीवरच्या घटकांची बारीक अक्षरे वाचावीत, आणि दुकानात गेल्यावर "रासॅजिलिन चालू आहे" हे वाक्य आधी सांगून मग खोकल्याचे औषध मागावे.